इंजिनातली टकटक

एखादा माणूस दवाखान्यात येतो आणि "डॉक्टर, छातीत दुखतंय" एवढेच सांगतो. तेवढ्यावर शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? मोटारीच्या बाबतीत मात्र हा प्रकार रोज घडतो. आवाज आला, की "इंजिन खोलावं लागेल" हे उत्तर ठरलेले. आपणही मान डोलावतो. बोनेटखालच्या त्या तेलकट संसारातले आपल्याला काही कळायचे नाही, अशी आपली पक्की समजूत असते ना!

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार बेताचाच. पण आमच्या घरात एक टकटक उपटली आणि तिने मला जे शिकवले ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची ही इटलीची फियाट अकराशे. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला तयार होई. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. पुढे २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनीही गेली. आमची मात्र सांगलीत अजून चालते. ती वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नवी घेतली तेव्हा मी मागच्या सीटवर उभा राहून बाहेर बघण्याच्या वयाचा होतो.

गेल्या उन्हाळ्यात तिच्यातून टक्, टक्, टक् असा आवाज येऊ लागला. गाडी स्लोला उभी असताना तो स्पष्ट ऐकू येई, रेस दिली की गलक्यात हरवून जाई. एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटे ऐकले आणि निकाल दिला, "बेअरिंग गेलंय. क्रँक काढावा लागेल." त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "भंगारात देऊन टाका आता." अण्णा काही बोलले नाहीत. पण रोज सकाळी गाडीवर फडके मारायला जायचे, ते जायचे बंद झाले. मला ते जरा लागले.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "सर, आवाज काय आहे ते मागनं बघू. कधी येतो आणि कशानं बदलतो, ते आधी सांगा." मी चकित झालो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या ग्रंथात मांडलेल्या आणि मी दरसाल फळ्यावर लिहीत असलेल्या व्यतिरेक पद्धतीचे सार या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले होते! एक गोष्ट काढून घ्या, बाकी सारे तसेच ठेवा. परिणाम नाहीसा झाला तर कारण त्या काढलेल्या गोष्टीत शोधा.

आता इंजिनाच्या पोटात काय चालते ते थोडक्यात पाहू. पिस्टन वरखाली होतात आणि क्रँकशाफ्टला फिरवतात. हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हना कॅमशाफ्ट उघडते. क्रँक दोन वेळा फिरला की कॅमशाफ्ट एकदाच फिरते. सगळी मेख इथे आहे. स्लोला क्रँक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट ४०० घेते. म्हणजे टकटक मिनिटाला आठशे वेळा होते की चारशे वेळा, एवढे कळले तरी निम्मे इंजिन संशयातून मोकळे होते.

पण सेकंदाला सात ठोके मोजायचे कसे? कान मोजू शकत नाही, जुळवू मात्र शकतो. टायमिंग लाइट नावाचा एक दिवा असतो. एका प्लगच्या वायरीला तो जोडला, की त्या प्लगात ठिणगी पडेल तेव्हा तो लुकलुकतो. आणि एका सिलिंडरात ठिणगी पडते क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा. आमच्या गाडीत दर लुकलुकीला एकच टक् पडत होता. म्हणजे गुन्हेगार कॅमशाफ्टच्या गोतावळ्यातला.

तरीही मिस्त्रींनी बेअरिंगची चौकशी सोडली नाही, आणि ते योग्यच होते. स्फोटाचा भार पडतो तेव्हा सैल बेअरिंग ठोकते. म्हणून एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहायची. त्या सिलिंडरातला स्फोट थांबतो. आवाज दबला तर दोष त्याच सिलिंडरच्या पिस्टनात किंवा दांड्याच्या बेअरिंगमध्ये. (ही युक्ती जुन्या गाडीवरच आणि कोरड्या रबरी मुठीच्या पकडीनेच. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर मुळीच करू नये.) चारही वायरी काढून झाल्या, टकटकीत फरक शून्य. इंजिन तापल्यावरही ऑइलचा दिवा लागत नव्हता. बेअरिंग झिजले की तेल फटीतून निसटते आणि दाब उतरतो, तसे काही नव्हते. उलट ही लक्षणे दिसली असती, तर त्याच क्षणी इंजिन बंद करायला हवे होते. तुटलेला दांडा ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

मग टॅपेट. व्हॉल्व्हचे झाकण काढून मिस्त्रींनी चालू इंजिनात एकेका फटीत फीलर गेजची पात सरकवली. फट भरली की त्या टॅपेटचा आवाज थांबतो. आठही झाले. बारीक टिकटिक कमी झाली, आमची टकटक जशीच्या तशी.

आता कान. मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवले आणि लाकडी मूठ कानाशी धरली. ही कल्पना वैद्यकातही जुनीच. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळवाले, पिपांवर टिचकी मारून दारू किती उरली ते पाहणारे. लेनेकची नळी आली ती १८१६ साली, पॅरिसला. लोखंडातला आवाज हवेत उतरताना बहुतेक परत फिरतो. लोखंडातून थेट हाडात गेला तर ठळक येतो. मीही ऐकले. पंख्याचा पट्टा, पुढची चेन, सगळीकडे आपापला आवाज होता. पण इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोल पंपावर टोक ठेवले आणि कानात कुणी हातोडी मारावी तसे झाले.

हा पंपही कॅमशाफ्टच चालवते! कॅमशाफ्टवरच्या फुगवट्याने त्याचा लिव्हर दर फेरीला एकदा ढकलला जातो आणि स्प्रिंग त्याला परत आणते. स्प्रिंग मलूल झाली, पिन झिजली, की लिव्हर फुगवट्यावर आपटत राहतो. मोठ्या आवाजाला मोठेच कारण असते असे नाही.

तरी हा तर्कच. पुरावा बाकी होता. मिस्त्रींनी इंजिन थंड होऊ दिले, पेट्रोलची नळी नीट बुजवली, पंप उतरवून भोकावर पत्रा आणि पॅकिंग बसवले. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालतेच. चावी फिरवली. टकटक नव्हती.

पंप दुरुस्त होऊन परत बसला. खर्च इतका किरकोळ आला, की गॅरेजवाल्याचा आकडा आठवून मला हसू आवरेना. संध्याकाळी अण्णा बाहेर आले, बोनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत उभे राहिले, आणि म्हणाले, "आता टॅपेट वाजताहेत."

वाजत होते खरे, बारीक. मिस्त्रींनी आधीच बजावले होते, की या इंजिनात टॅपेटची थोडी टिकटिक हवीच. फट अजिबात ठेवली नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. मी हे सांगितले. अण्णांनी मान हलवली आणि आतून फडके आणायला गेले.