कर्ज किती, हा पहिला प्रश्न नव्हे

आर्थिक समुपदेशन म्हटलं की आकडेमोड डोळ्यांसमोर येते. उत्पन्नातून खर्च वजा करा, व्याजदर पाहा, हप्ता बसवा. एवढं गणित दहावी झालेल्या कुणालाही जमतं. अवघड असतं ते गणितात घालायचे खरे आकडे समोरच्याच्या तोंडून निघणं. पैशाबद्दल आपल्याकडे माणूस आजारापेक्षाही जपून बोलतो. आपली शुगर किती हे एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगेल, पण बायकोचं सोनं गहाण पडलंय हे सख्ख्या भावाला सांगणार नाही.

रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये वित्तीय साक्षरता आणि पत समुपदेशन केंद्रांची योजना आणली. केंद्राने ते चालवणाऱ्या बँकेपासून अंतर राखून काम करावं, बँकेच्या योजना तिथे खपवू नयेत, अशी शहाणपणाची अपेक्षा तिच्यात होती. पुढे 2017 पासून स्वयंसेवी संस्थांना सोबत घेऊन तालुका पातळीवर अशी केंद्रं उभी राहू लागली. अनेक ठिकाणी समुपदेशकाच्या खुर्चीत निवृत्त बँक अधिकारी असतो. नियम त्याला तोंडपाठ असतात, कागदपत्रं वाचण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. अडचण सवयीची आहे. उभी नोकरी त्याने कर्ज द्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी प्रश्न विचारलेले असतात, आणि अशा प्रश्नांना लोक आपली बरी बाजू तेवढी पुढे करतात. समुपदेशनाला नेमकी उरलेली बाजू हवी असते.

समजा, एक रिक्षाचालक आणि त्याची बायको समुपदेशकासमोर बसलेत. रिक्षाचे दोन हप्ते थकलेत. समुपदेशक विचारतो, ‘‘कर्ज किती आहे?’’ उत्तर येतं, ‘‘रिक्षाचंच. बाकी काही नाही.’’ हे खोटं बोलणं नव्हे. ज्याची नोटीस येते ते कर्ज, असा त्याचा हिशेब आहे. बायकोच्या गटाचा हप्ता त्यात धरलेला नसतो, सोनाराचं व्याज नसतं, किराणा दुकानातली उधारी आणि नणंदेकडून घेतलेले हातउसने तर नसतातच.

हाच प्रश्न जाणती समुपदेशक वेगळ्या बाजूने विचारते. ‘‘महिन्यात कुठल्या कुठल्या तारखेला कुणाला पैसे द्यावे लागतात, ते जरा ओळीने सांगता का?’’ आता आठवायच्या आहेत त्या तारखा, आणि तारखांची लाज वाटत नाही. पाच तारखेला रिक्षाचे 7,200. मग बायको पहिल्यांदा तोंड उघडते, ‘‘दर मंगळवारी माझ्या गटाचे 850.’’ दहा तारखेला भिशीचे 2,000. समुपदेशक लिहून घेते, कागद दोघांनाही दिसेल असा मधे सरकवते आणि गप्प बसते. शिकाऊ माणसाला हे गप्प बसणं फार जड जातं. दोन-चार सेकंद झाले की तो स्वतःच पुढचा प्रश्न टाकून मोकळा होतो. इथे ती थांबते, म्हणून बायको नवऱ्याकडे बघते आणि सांगते, ‘‘सोनाराकडे चाळीस हजारांवर शेकडा तीन चालू आहे.’’

आता कागदाकडे बघा. घरात महिन्याला 22,000 येतात. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. म्हणजे इथे मर्यादा 11,000. रिक्षा आणि गट धरून चार आठवड्यांचे 10,600 होतात, घर नियमात बसतं. सोनाराचे 1,200 धरले की ते मर्यादेबाहेर जातं, आणि ते बाराशे कुठल्याही क्रेडिट रिपोर्टमध्ये सापडणार नाहीत. भिशी धरली तर हातातून जाणारी रक्कम 13,800. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. तेच सोनं बँकेत तारण ठेवलं तर व्याज साधारणपणे याच्या निम्म्याहूनही कमी पडतं. दोन थकलेल्या हप्त्यांवरचा निम्मा उपाय इथेच आहे, आणि तो बायकोच्या एका वाक्यातून आला.

‘का’ विचारणारा प्रश्न मी तरी पहिल्या भेटीत वर्ज्यच मानेन. ‘‘सावकाराकडे का गेलात?’’ हे समोरच्याच्या कानाला उलटतपासणीसारखं ऐकू येतं आणि तो सफाई देऊ लागतो. ‘‘त्या वेळी काय झालं होतं?’’ असं विचारलं तर तो हकिकत सांगतो, आणि हकिकतीत दवाखाना निघतो, बहिणीचं लग्न निघतं, बंद पडलेलं बोअरवेल निघतं. महिन्याच्या उत्पन्नाचा प्रश्नही असाच फसवा. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या जोडप्याला महिन्याची मिळकत विचारून काय हाती लागणार? मुकादमाकडून उचल हंगामाआधीच घेतलेली असते, ती मजुरीतून फिटत राहते. तिथे दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत काय आलं, पावसाळा कशावर काढला, असंच विचारावं लागतं.

दारू सोडवण्याच्या उपचारांत काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये बोलण्याची एक पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी ती विस्ताराने लिहिली. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या नावाने ती आता आर्थिक समुपदेशनातही शिकवली जाते. मोकळे प्रश्न विचारा, माणसाने आधीच केलेल्या बऱ्या गोष्टीची दखल घ्या, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा, अधूनमधून गोळाबेरीज करा. यातलं सर्वांत कामाचं मला वाटतं ते दुरुस्तीच्या घाईबद्दलचं. दुसऱ्याचं चुकतंय हे दिसलं की आपला जीव ते सुधारायला धावतो. ‘‘भिशी बंद करा’’ म्हटलं की बाई लगेच भिशीची बाजू घेते. त्याऐवजी ‘‘भिशी तुम्हाला महत्त्वाची वाटते, आणि दहा तारखेला ओढाताणही होते’’ एवढंच म्हणून थांबलं, तर बऱ्याचदा तीच म्हणते, ‘‘पुढच्या वर्षी हजाराची लावीन.’’ हा निर्णय टिकण्याची शक्यता जास्त, कारण तो तिचा आहे. समुपदेशकाला मात्र त्यात आपण काहीच केलं नाही असं वाटत राहतं. ते पचवावं लागतं.

काही गोष्टी सल्ल्याच्या पलीकडच्या असतात. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर येत असतील, मायक्रोफायनान्सच्या बाबतीत नऊच्या आधी आणि सहानंतर, तर ते नियमबाह्य आहेत. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, माहितीसाठी 14448. बोलता बोलता कुणी ‘आता जगून काय करायचं’ म्हणालं तर हप्त्यांचा कागद बाजूला ठेवावा, तसा विचार मनात येतो का हे सरळ विचारावं, त्याला एकटं सोडू नये आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला तिथूनच फोन जोडून द्यावा. सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

हे सगळं वाचून येत नाही, तालमीने येतं. तिघांनी बसावं. एकाने विचारायचं, एकाने कर्जदार व्हायचं, तिसऱ्याने फक्त मोजायचं: हो-नाहीत उत्तर येणारे प्रश्न किती, ‘तुम्ही असं करा’ किती वेळा आलं, आणि जास्त कोण बोललं. पहिल्या फेरीत बहुधा समुपदेशकच जास्त बोललेला असतो. मग जागा बदलून तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा, यावेळी तिसऱ्याने बायको व्हायचं आणि नवरा एकही प्रश्न तिच्यापर्यंत पोचू देत नाही असं धरायचं. ‘‘ताई, मंगळवारचे पैसे तुम्ही कुठून जमवता?’’ असं नजर तिच्याकडे ठेवून विचारायला दोन-तीन फेऱ्या लागतात. आणि उठण्याआधी पुढच्या भेटीची तारीख ठरवायची, सोनाराची पावती कोण आणणार तेही.