कब-बुलबुलचं पथक चालतं कसं?

पूर्णा हे रेल्वेचं गाव. नांदेड-परभणीचा मार्ग आणि हिंगोली-अकोल्याकडे जाणारा फाटा इथं भेटतात. इथल्या पहिली ते चौथीच्या लेकरांना शाळेबाहेरचा 'क्लास' परवडो न परवडो, शाळेतच चालू शकणारा एक जुना उपक्रम आहे : कब-बुलबुल.

पाच ते दहा वर्षांची मुलं म्हणजे कब, मुली म्हणजे बुलबुल. दहाव्या वर्षानंतर स्काऊट आणि गाईड. १९१६ मध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी धाकट्या मुलांसाठी कबची शाखा काढली, तेव्हा खेळासाठी गोष्ट निवडली ती मोगलीची. ती घडते मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलात. या गोष्टीवरूनच कबांच्या शिक्षकाला मुलं 'अकेला' म्हणतात, कळपाच्या म्होरक्या लांडग्याच्या नावानं. बुलबुलांची गोष्ट वेगळी, ताराची.

पथक उभं राहतं सहासहांच्या गटांवर. गटाला म्हणतात सिक्स आणि त्याच्या नायकाला सिक्सर. पथकात असे दोन ते चार गट. सगळी मेख या आकड्यात आहे, असं मला वाटतं. चाळीस जणांच्या वर्गात बुजणारं पोर सहा जणांत बोलतंच, कारण त्याच्यावाचून काम अडतं. आठवड्याची सभा गोलात भरते : हजेरी, खेळ, दोरीच्या गाठी, गोष्ट, गाणं. शनिवारची सकाळची शाळा त्याला सोयीची. रोज एक सत्कृत्य करायचं, हे वचनातच असतं.

पुढे पायऱ्या असतात. प्रवेश झाला की कबांसाठी प्रथम ते चतुर्थ चरण, बुलबुलांसाठी कोमल, रजत, सुवर्ण आणि हीरक पंख. इथं पहिला-दुसरा नंबर नसतो. ज्याला जमलं त्याचं चरण पूर्ण, न जमलेल्यानं पुन्हा करून दाखवायचं.

सगळ्यात रंगतदार भाग 'खरी कमाई'. ब्रिटनमधल्या स्काऊटांनी १९४९ मध्ये घरोघरी छोटी कामं करून एकेक शिलिंग मिळवायचा आठवडा सुरू केला. ही त्याच जातीची गोष्ट. अंगण झाडणं, भाजी निवडणं, वह्यांना कव्हरं घालणं अशी कामं करून पैसे मिळवायचे, नाहीतर शाळेच्या मैदानात दुकान मांडायचं. आपल्याकडे हिवाळ्यात हुरडा, बोरं, ऊस असतोच. समजा, एका सिक्सनं प्रत्येकी वीस रुपये काढले. झाले एकशेवीस. त्यात मुरमुरे, फरसाण, कांदे, लिंबू, कागद आणला. दहा रुपयांना एक अशा वीस पुड्या खपल्या, दोनशे आले, नफा ऐंशी. पण पेटीत एकशेनव्वदच निघाले, तर? दहा रुपये गेले कुठं? कुणा मित्राला उधार दिली, की सुटे देताना चूक झाली? हा शोध लेकरांनीच घ्यायचा. वजाबाकीचं पान जे शिकवत नाही ते इथं कळतं.

म्हणूनच आईबापांना कळकळीची विनंती : दुकान तुम्ही चालवू नका. विळी आणि तापलं तेल मोठ्यांच्या हाती, हे खरंच. भाव ठरवणं, गिऱ्हाईक बोलावणं, हिशेब लिहिणं मात्र मुलांकडेच राहू द्या. सगळ्यात जास्त नफ्याला बक्षीसही नको. ते ठेवलं, तर घरून भांडवल आणणाऱ्याचंच दुकान जिंकतं.

पथक सुरू करायचं तर शाळेतल्या एका शिक्षकानं किंवा बाईंनी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि पथकाची नोंदणी स्काऊट-गाईडच्या जिल्हा संस्थेत करावी लागते. पूर्णेत आणखी एक वाट शोधता येईल. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये रेल्वेच्या विभागांना राज्यासारखा स्वतंत्र दर्जा आहे आणि पूर्णा येतं दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड मंडळात. रेल्वेतल्या पालकांनी तिथंही विचारावं.

सिक्सर दहा वर्षांचा झाला की स्काऊटमध्ये जातो. त्याची जागा गटातलंच कुणी घेतं, बहुतेकदा तिसरीतलं, जे गेल्या वर्षी पेटीजवळ बसून सुटे पैसे मोजत होतं.