गरोदरपणातील व्यायाम : समज आणि गैरसमज

घरात पाळणा हलणार अशी बातमी आली की सल्ल्यांना तोटा नसतो. "जिना चढू नकोस, पडून राहा," असे एकीकडे सांगितले जाते. तर दुसरीकडे, "आम्ही नवव्या महिन्यापर्यंत हंडे वाहिले, आम्हाला काय झाले?" असेही ऐकवले जाते. आमच्या बँकेतील एक भगिनी पहिल्या खेपेस गरोदर असताना घरच्यांनी तिचे संध्याकाळचे फिरणे बंद केले. मात्र पहाटे पाणी भरणे, दोन्ही वेळचा स्वयंपाक आणि लोकलमध्ये उभ्याने प्रवास यातले काहीच बंद झाले नाही. हा विरोध पाहून आम्ही या विषयाची माहिती मिळवली. आम्ही डॉक्टर नाही. पण जे समजले ते समाजबांधवांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

पूर्वी डॉक्टर मंडळीही या बाबतीत जपूनच सल्ला देत. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली व्यायाम करताना गरोदर स्त्रीची नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ नये असे सांगितले होते. १९९४ साली ही मर्यादा काढण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा की, ज्या गरोदर स्त्रीला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही तिने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. पूर्वी सवय नसल्यास दहा मिनिटांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावा. बँकेच्या रिकरिंग खात्याप्रमाणे थोडे पण नियमित, हेच येथे महत्त्वाचे होय.

मध्यम व्यायाम कसा ओळखावा? भरभर चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलतानाही धाप लागली तर वेग कमी करावा. चालण्याला पैसा लागत नाही, म्हणून तो सर्वांत सोयीचा व्यायाम होय. त्याच्या जोडीला लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते काही सेकंद आवळून सैल सोडावेत. बसल्या जागी असे आठ-दहा वेळा करावे. प्रसूतीनंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास यामुळे कमी होतो.

आता लाभ पाहू. नियमित व्यायामाने गरोदरपणातील मधुमेह व वाढत्या रक्तदाबाचा धोका कमी होतो, वजन प्रमाणाबाहेर वाढत नाही आणि मन उदास होण्याचे प्रमाण घटते. बाळाच्या दृष्टीने पाहता, निरोगी गरोदरपणात मध्यम व्यायामामुळे गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढत नाही. उलट बाळ प्रमाणाबाहेर मोठे होऊन प्रसूती अडण्याची शक्यता कमी होते.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. या दिवसांत सांधे सैल होतात आणि पोटाच्या भाराने तोल पुढे जातो. म्हणून पडण्याची भीती असलेले खेळ व उड्या टाळाव्यात. तिसऱ्या महिन्यानंतर उताणे पडून व्यायाम करू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येऊ शकते. भर उन्हात चालू नये, पाणी भरपूर प्यावे. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोटात कळा येणे, छातीत दुखणे, चक्कर येणे, तीव्र डोकेदुखी, पोटरी सुजणे वा दुखणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठावे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. अंगात रक्त नसताना व्यायामाचा आग्रह धरणे योग्य नव्हे. प्रथम तपासणी, लोहाच्या गोळ्या व सकस आहार. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.

काही जण म्हणतील, घरकाम हाच व्यायाम नव्हे काय? हलके घरकाम ही हालचाल खरीच. पण विटा वाहणे, हंडे आणणे, तासन्‌तास उभे राहणे हे कष्ट आहेत. व्यायामात दमल्यावर थांबता येते. कष्टात थांबण्याची मुभा नसते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच सांगितले की, बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. विश्रांती आणि व्यायाम या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. कष्टाचा भार उतरला तरच व्यायामाला वेळ व शक्ती उरेल.

म्हणून घरातील पुरुषांना आणि आपल्या विद्यार्थी बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. पाण्याचा हंडा तुम्ही उचला, आणि संध्याकाळी त्या माउलीसोबत अर्धा तास चालायला निघा. एवढे प्रत्येक घरात झाले तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.