सावलीला शेंदूर कशाला?

मुंबईत चिंचपोकळी आहे, ताडदेव आहे, वडाळा आहे, फणसवाडी आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव आहे, चिंचखेड आहे, उंबरखेड आहे, वडनेर आहे. वस्तीला झाडाच्या नावाने ओळखायची ही रीत कोणा साहेबाने फर्मान काढून पाडलेली नाही. ज्यांना पाटी वाचता येत नव्हती त्या माणसांनी झाड हीच खूण धरली. आजही कामगार वस्तीत पाहुण्याला पत्ता असाच सांगतात, "चिंचेपाशी उतरा, तिथून डाव्या हाताची गल्ली." कित्येक ठिकाणी ती चिंच केव्हाच गेली आहे. नाव तेवढे उरले आहे.

आम्ही वणीत राहतो. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याकडचे हे गाव. चैत्रात खानदेशातून हजारो माणसे पायी या वाटेने गडाकडे जातात. ऊन तेव्हा मी म्हणत असते. कोणाची श्रद्धा असो वा नसो, त्या उन्हात चालणाऱ्या प्रत्येक माणसाची नजर आधी झाड शोधते. मग बायका डोक्यावरचे बोचके खाली ठेवतात, मुले पाण्याची बाटली मागतात, म्हातारे पायांतल्या चपला काढून तळपाय चोळत बसतात. या सावलीचे भाडे कोणी मागत नाही आणि तिथे बसणाऱ्याची जात कोणी विचारत नाही.

यात्रा वर्षातून ठरावीक दिवसांची, पण सावलीची गरज रोजची. कोणत्याही शहरातल्या रस्त्याकडेचे एक मोठे झाड पाहा. त्याखाली चपला शिवणारा असतो, भाजीची पाटी असते, रिक्षांचा थांबा असतो, मजुरीची वाट पाहत बसलेले नाक्यावरचे बिगारी असतात. ज्याच्या घरात गार हवेचे यंत्र आहे त्याला रस्त्यावरचे झाड ही शोभा वाटते. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याला ते घराचाच एक भाग असते. दुपारी पत्रा तापला की म्हातारी माणसे आणि तान्ही मुले झाडाखाली येतात. पानांमधून सतत पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यामुळे भोवतालची हवा निवते. डांबर आणि सिमेंट मात्र दिवसभर ऊन शोषून घेतात आणि रात्री ती उष्णता बाहेर सोडतात. म्हणून झाड गेले की नुसती खूण जात नाही, गरिबाची बसायची जागा जाते आणि कधी कधी धंद्याची जागाही जाते.

अशोकाने सांगितलेले कारण

रस्त्याकडेला झाडे लावण्याचा आपल्या देशातला फार जुना लेखी पुरावा सम्राट अशोकाचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने सातव्या स्तंभलेखात आपण केलेली कामे नोंदवली. रस्त्यांच्या कडेने वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, मुक्कामाच्या जागा केल्या, असे तो सांगतो. हे कशासाठी, तेही त्याने स्पष्ट केले आहे: माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी, त्यांना सुख व्हावे. नवस नाही, कोपाची भीती नाही. राज्यकर्त्याने वाटसरूसाठी करायचे काम म्हणून झाड.

वाचकहो, हे कारण आपण विसरत चाललो आहोत. ज्या झाडाला पार आहे, दगडाला शेंदूर आहे, त्याला हात लावायला ठेकेदार कचरतो. त्याच रस्त्यावरचा करंज, कडुनिंब किंवा पर्जन्यवृक्ष रातोरात आडवा होतो, कारण त्याच्यासाठी भांडायला कोणी देव नसतो. त्याच्यासाठी आपण माणसांनीच भांडले पाहिजे. दुसरीकडे, ज्या वडाची पूजा होते त्याच वडाच्या फांद्या वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ओरबाडून बाजारात विकायला येतात. झाडाला देव केले म्हणून झाड वाचतेच असे नाही.

नाशिकने काय शिकवले

नाशिक शहरातल्या उंटवाडीत सुमारे दोनशे वर्षांचा एक वड आहे. उड्डाणपुलाच्या कामात तो वड आणि रस्त्यावरची इतर शेकडो झाडे जाणार, असे दिसताच तिथल्या नागरिकांनी हरकती घेतल्या, झाडाभोवती उभे राहिले. प्रकरण राज्यभर गाजले. २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी तो वड राखण्याच्या सूचना दिल्या. वड वाचला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायला तपोवनातली सुमारे अठराशे झाडे तोडण्याचा प्रस्ताव महापालिकेने आणला. तेव्हा शाळकरी मुलांपासून अभिनेते सयाजी शिंदे यांच्यापर्यंत अनेक जण झाडांच्या बाजूने उभे राहिले, आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेले.

याच शहराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गंगापूर रोडसारखे रस्ते रुंद झाले तेव्हा कडेची जुनी झाडे डांबराच्या मध्येच उभी राहिली. रात्री दुचाकीस्वार त्यांच्यावर आदळू लागले. त्या झाडांना लोक दोष देऊ लागले. पण झाड जागचे हलले नव्हते, रस्ता त्याच्या अंगावर आला होता. आखणी करतानाच झाडाचा विचार झाला असता, तर झाडही राहिले असते आणि माणूसही. रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. वस्तीत रुग्णवाहिका शिरली पाहिजे, एसटी वेळेवर पोहोचली पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की नकाशा काढताना झाड आधी मोजा, मग रेघ ओढा.

उभ्या झाडाचे मरण

कुऱ्हाडीने मरणारे झाड दिसते तरी. जास्त झाडे मरतात ती हळूहळू. फुटपाथ करताना बुंध्याला चिकटून सिमेंट ओततात. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. गटार किंवा केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळे तोडली जातात. विजेच्या तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या की झाडाचा तोल जातो. पुढे पावसाळ्यात ते कोसळले, खाली कोणी दगावले, की दोष येतो झाडावर. बुंध्याभोवती एक मीटर जागेतले सिमेंट काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीसाठी दिला होता. तो शहाणपणा प्रत्येक गल्लीला लागू आहे.

यातले काही आपणही करतो. क्लासची, दवाखान्याची, वाढदिवसाची पाटी खिळे ठोकून झाडावर लावतो. जयंतीचा फलक बांधतानाही खिळा चालतो असे समजतो. सुतळीने काम भागते. पुण्यात 'अंघोळीची गोळी' या संस्थेने २०१८ मध्ये खिळेमुक्त झाडांची मोहीम काढली आणि तरुण मुले पक्कड घेऊन रस्त्यावर उतरली. आपल्या तरुण मंडळांना हे काम एका रविवारी सहज करता येईल. कचऱ्याचा ढीग बुंध्याशी लावून पेटवण्याची सवयही घरोघरी मोडली पाहिजे.

हरकत घ्यायला शिकू या

शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचे तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, झाडावरही नोटीस चिकटवावी लागते, आणि सात दिवसांच्या आत कोणाही नागरिकाला हरकत घेता येते. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी, असेही कायदा सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला प्राचीन वृक्ष मानले. असे झाड तोडले तर त्याच्या वयाची जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावावी लागतात.

सात दिवस फार थोडे असतात. म्हणून झाडावर कागद दिसला की वाचा. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिच्याकडून अर्ज लिहून घ्या. झाड कुठे आहे, अंदाजे किती वर्षांचे आहे, त्याखाली कोण बसते, रस्ता कोणत्या बाजूने वळवता येईल, हे चार मुद्दे पुरतात. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आम्ही कारकुनीत आयुष्य घालवले. तोंडी तक्रार हवेत विरते, शिक्का असलेला कागद मात्र फाइलीत बसतो आणि पुढे बोलतो, हे आम्हांला पक्के ठाऊक आहे.

खेड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी ठरावीक झाडे आहेत. वड, पिंपळ, कडुनिंब त्या यादीत नाहीत. म्हणजे ज्यांची सावली सर्वांत मोठी, त्यांनाच या यादीचा आधार नाही. अशा गावांत ग्रामसभेत उठून ठराव मांडणे हाच आपला मार्ग आहे.

नवी रोपे लावणे चांगलेच. परंतु पावसाळ्यात फोटो काढून लावलेले रोप मे महिन्यात कोण पाहतो? श्रीलंकेत अनुराधपूरला थेरी संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाची फांदी रुजली, ती दोन हजारांहून अधिक वर्षे जगली आहे. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला पाणी घातले, कुंपण केले, वाकलेल्या फांद्यांना टेकू दिले. त्याच वृक्षाच्या फांदीचे रोपण नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी २४ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. हजारो लोक वंदनेला आले. वंदनेइतकीच निगा आपल्या गल्लीतल्या बिननावाच्या कडुनिंबालाही लागते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या आठवड्यात एवढे करा. आपल्या गल्लीतली झाडे मुलांकडून मोजून घ्या. प्रत्येकाचे नाव, जाडी आणि त्याखाली बसणाऱ्यांचा धंदा वहीत लिहा. बुंध्याशी सिमेंट असेल तर तेही लिहा आणि ती यादी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. उद्या रस्ता रुंद करायला माणसे फीत घेऊन येतील, तेव्हा आपल्या हातात ती वही असली पाहिजे.