रेघ आधी, गिलावा मग

दर दिवाळीला आमच्या हॉलची एकच भिंत घराची शोभा घालवायची. रंग नवा, पडदे नवे, आणि सोफ्याच्या मागे छतापासून थेट फरशीपर्यंत केसासारखी बारीक भेग! पुट्टी भरायची, रंगाचा हात मारायचा, की होळीपर्यंत बाईसाहेब पुन्हा हजर. 'भेगेवर पुट्टी म्हणजे तोंडावर पावडर गं, दुखणं आतच राहतं,' असं सासूबाई म्हणायच्या. आम्ही मात्र तिच्यासमोर मनीप्लँटची कुंडी ठेवून, वेल वर चढवून मोकळ्या!

दुखणं काय आहे ते एकदा एका जुन्या गवंड्यानं समजावून सांगितलं. तिथे सिमेंटचा कॉलम संपतो आणि विटांची भिंत सुरू होते. ऊन-पावसात दोघांचं फुगणं-आकसणं वेगवेगळं. वरून गिलाव्याची एकच चादर घातली तरी आतले दोघं आपापल्या स्वभावानं वागतात, आणि चादर फाटते ती नेमकी सांध्यावर. त्यावर एक उपाय म्हणजे गिलाव्याखाली दोघांवर मिळून जाळी ठोकायची. दुसरा म्हणजे सांध्यावर मुद्दामच सरळ खाच ठेवायची आणि तिच्या कडांना अॅल्युमिनियमची पट्टी बसवायची. भेग पडली तरी खाचेत पडते, आणि बाहेरून दिसते ती फक्त एक नेटकी रेघ.

हे सगळं कळलं, पण उशिरा. घराचं काम काढलं तेव्हा नवा गिलावा होऊन, वाळून गेला होता. मग एका मैत्रिणीकडे भिंतीत बसवलेली तशी चंदेरी रेघ पाहिली आणि घरी येऊन मी फर्मान काढलं, 'आपल्यालाही हवी!' ठेकेदार म्हणाला, 'काय मोठंसं वहिनी, कटर लावतो.'

कटर लागला, आणि पुढचे दोन दिवस घरात समोरचं माणूस दिसेना. मी टीव्हीवर चादर टाकली, सोफ्यावर प्लास्टिक घातलं, देव्हाऱ्यावर धुतलेलं उपरणं पांघरलं. खाच कापणाऱ्या पोराशेजारी घमेलं धरून एक बिगारी मावशी उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर होता त्यांचाच पदर. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. दुपारी चहा दिला तर हातातल्या कपावरसुद्धा धुळीची साय धरली. खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्या अगदी सहज म्हणाल्या, 'ताई, आधी सांगितलं असतं तर गिलाव्यातच बसली असती की पट्टी. आता भिंतीनं मार खायचा अन् आम्ही धूळ.'

ते वाक्य मला फार लागलं. टीव्ही झाकायचं सुचलं होतं, मावशी झाकायचं सुचलं नव्हतं! वाळू-सिमेंट कोरडं कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं अशी धूळ खाल्ली तर सिलिकोसिस होतो. त्यावर बरं करणारं औषध नाही. पदर किंवा रुमाल ही बारीक धूळ अडवू शकत नाही.

बरं, एवढं करून पट्टी तरी टिकली का? छे! पहिल्या पावसाळ्यानंतर तिच्या कडेला पांढरी भुकटी दिसायला लागली आणि एक कड सुटून वर आली. चौकशी केल्यावर कारण कळलं. ओलं सिमेंट तीव्र अल्कलीयुक्त असतं आणि साध्या अॅल्युमिनियमला ते खातं. दोघांची गाठ पडली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. हलक्या एएसी ब्लॉकच्या कारखान्यात हीच गंमत मुद्दाम करतात. मिश्रणात अॅल्युमिनियमची पूड घालतात, ते पिठासारखं फुगतं आणि ब्लॉक सच्छिद्र होतो. ब्लॉकला जे वरदान, तेच माझ्या पट्टीला भोवलं. आमच्या ठेकेदारानं बिनलेपाची पट्टी तशीच ओल्या सिमेंटात दाबली होती.

पुढे आमच्या महिला मंडळाच्या खोलीचं काम निघालं, तेव्हा ही चूक करायची नाही असं ठरवलंच होतं. मिस्त्री दुसरे होते, मावशी मात्र त्याच. मी मुद्दाम त्यांनाच बोलावून घेतलं. त्या वेळी शिकलेलं मैत्रिणींसाठी सांगते.

रेघ कुठे हवी ते गिलाव्याच्या आधी ठरवायचं. ओळंबा आणि लेव्हल लावून, दोरी मारून विटांवरच खूण करून घ्यायची. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, पट्टी तसूभर वाकडी गेली तरी जन्मभर खुपते. मग गिलाव्याची जाडी विचारायची. घरात ती साधारण १२ मिलिमीटर असते, बाहेरून दोन हातांत मिळून २० च्या आसपास. पट्टीची खोली तेवढीच हवी. म्हणजे गवंड्याचा पाटा पट्टीच्या कडेवरून फिरतो आणि गिलावाही एका पातळीत येतो.

पट्टी घेताना ती अॅनोडाइज्ड किंवा पावडर कोटिंगची आहे ना, ते पाहा. कापलेल्या टोकांचा लेप निघालेला असतो, तिथे रंगाचा हात द्यायला सांगा. पट्टीला दोन्ही बाजूंना भोकांचे पंख असतात. गिलावा त्या भोकांत शिरून पट्टीला धरून ठेवतो. पंख भिंतीला प्लग आणि न गंजणाऱ्या स्क्रूनं पक्के करायचे. साधे खिळे गंजले की डाग रंगातून वर येतो. खाचेच्या तोंडात थर्माकोलची काडी किंवा चिकटपट्टी ठेवली, तर माल आत जात नाही. दर्शनी भागावरचं प्लास्टिकचं पातळ आवरण रंगकाम होईपर्यंत काढू नका. सिमेंट उडालंच तर लगेच ओल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर खरवडलं की लेपही जातो.

पट्ट्यांची टोकं एकमेकींना घट्ट भिडवायची नाहीत. तीन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी तापमान २० अंशांनी वाढलं की जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते, सिमेंटची भिंत त्याच्या साधारण निम्मीच. टोकांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवली नाही, तर उन्हाळ्यात पट्टी फुगून वर येते. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर तर आम्ही दोन वेगळ्या पट्ट्या लावल्या. एक कॉलमच्या बाजूला, एक विटांच्या बाजूला, आणि मधल्या फटीत रबरासारखं लवचीक सीलंट. मग ज्यानं त्यानं आपापलं हलावं! पट्टी बसली, गिलावा झाला, तरी पुढे सात दिवस भिंतीवर पाणी मारायला विसरायचं नाही.

बाहेरच्या भिंतीला एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. आडवी पट्टी पाणी धरून ठेवते, म्हणून पाण्याला बाहेर पडायला वाट हवी आणि सांधे सीलंटनं बंद हवेत. नाहीतर पावसाळ्यात ओल थेट घरात. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लेप चांगला आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

हल्ली खोलीची वाटणी करायला जिप्सम बोर्डाची भिंत घालतात. तिथे ओलं सिमेंट नसतं, काम सोपं. बोर्ड बहुधा साडेबारा मिलिमीटरचा असतो, त्या जाडीला जुळणारी पट्टी घ्यायची. स्क्रू नुसत्या बोर्डात न मारता आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात मारायचा. पंखांवर जॉइंटची टेप आणि लांबी लावून घासलं की पंख दिसत नाहीत, फक्त रेघ उरते. बोर्ड मात्र फरशीवर टेकवू देऊ नका. साधारण एक सेंटिमीटर वर ठेवायचा. नाहीतर रोज फरशी पुसताना तो पाणी पितो आणि खालून फुगतो.

आणि माझ्यासारखी उशिरा जाग आलीच तर? आधी विचार करा, रेघेवाचून अडलंय का? कापायचंच असेल तर धूळ ओढून घेणारं यंत्र जोडलेला कटर मागा. पाणी मारून कापायचं तर त्यासाठीच बनवलेलं यंत्र हवं, साध्या कटरवर पाणी ओतलं तर शॉकची भीती. विजेच्या बोर्डाच्या वर-खाली भिंतीत वायरी असतात, तिथे आधी तपासून घ्या. कापायचं ते गिलाव्याच्या जाडीपुरतंच, कॉलमला धक्का लागू द्यायचा नाही. कापणाऱ्याला आणि घमेलं धरणारीलाही, दोघांना नाकावर घट्ट बसणारा एन ९५ मास्क द्या. कोरडा झाडू मारायचा नाही, आधी पाणी शिंपडायचं. मास्कचे पैसे ठेकेदार देत नसेल तर आपण द्यावेत. नव्या पडद्यांच्या खर्चात ते कुठेच दिसत नाहीत.

मंडळाच्या खोलीत कटर एकदाही लागला नाही. गिलाव्याचा माल कालवताना सिमेंटच्या गोणीची धूळ उडते, म्हणून मी मावशींना मास्क दिला होता. पहिल्या दिवशी त्यांनी तो गळ्यातच ठेवला. 'श्वास कोंडतो ताई,' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गोणी फोडण्याआधी आपणहून वर ओढला. काम संपल्यावर त्यांनी पट्टीवरचं प्लास्टिक स्वतः सोललं, रेघेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'बघा, आधी सांगितलं की कसं होतं!'

आमच्या हॉलमधली सुटलेली पट्टी मी अजून काढलेली नाही. काढायची तर पुन्हा भिंत फोडावी लागेल. मनीप्लँट परत जागेवर आला आहे. तुमच्या घराला गिलावा व्हायचा असेल, तर आजच विटांवर खूण करून घ्या.