'नाही'चा बाण कुठे जातो?

आमच्या टीममध्ये कुणी नवं आलं की मी आधी कोड दाखवत नाही. कोरा कागद पुढे सरकवते आणि सांगते, "पहाटे अचानक गर्दी वाढली तर आपली यंत्रणा काय करते, ते काढ." बहुतेक जण सरळसोट फ्लोचार्ट काढतात: भार वाढला, नवा सर्व्हर सुरू झाला, लोड बॅलन्सरने त्याच्याकडे ग्राहक वळवले, संपलं. चित्र सुबक असतं आणि निरुपयोगी.

क्लाउडवरचा सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या मोठ्या यंत्राचा भाड्याने घेतलेला तुकडा. तो कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे आता माणूस नव्हे, नियम ठरवतात. नियम चित्रात मांडण्याची रीत मात्र क्लाउडपेक्षा फार जुनी. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र-अभियंत्यांपुढे कामाचे असे तक्ते मांडले होते.

चौकटीत काम लिहायचं, शंकरपाळ्याच्या आकारात प्रश्न. शंकरपाळ्यातून निदान दोन बाण निघायलाच हवेत. 'हो'चा सगळे काढतात. 'नाही'चा?

समजा, नव्या सर्व्हरला तयार व्हायला चार मिनिटं लागतात आणि 'ठीक आहेस का?' ही तपासणी दोनच मिनिटांनी सुरू होते. उत्तर नाही. नियम म्हणतो, बिघडलेला बंद करा, नवा मागवा. त्यालाही चार मिनिटं. कागदावर बाण गोल फिरताना लगेच दिसतो, बाहेर पडायला वाट नाही. कोडमध्ये हेच तीन फायलींत विखुरलेलं असतं. एकत्र दिसतं ते थेट महिनाअखेरच्या बिलात. तपासणीआधी किती थांबायचं, ही मुदत ठरवता येते. ती बाणाशेजारी सेकंदांत लिहायची, म्हणजे वाद मिटतो.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीदरम्यान दिलेल्या एका आदेशाने डेटा सेंटरना जोडणारं जाळं तुटलं. पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरना नियम होता: डेटा सेंटरशी संपर्क होत नसेल, तर दोष आपल्यातच आहे असं समजून इंटरनेटवरून बाजूला व्हायचं. एकट्या सर्व्हरसाठी नियम शहाणपणाचाच. पण त्या दिवशी सगळेच एकदम बाजूला झाले. मला विचाराल तर तिथे एक शंकरपाळं कमी होतं: 'बाकीच्यांचंही उत्तर नाहीच आहे का?'

मी ते काढतेच. सगळीकडून एकदम 'नाही' आलं, तर यंत्राने काहीही बंद करायचं नाही, ड्युटीवरच्या माणसाला फोन लावायचा. तोही वेगळ्या वाटेने, कारण फेसबुकची दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्या बिघाडात अडकली होती. आणि फोन उचललाच नाही तर? दहा मिनिटं थांबून दुसरा नंबर. त्याचाही बाण काढायचा.