पॅकअपनंतरचं शूटिंग

गैरसमज : शेड्यूल आता सॉफ्टवेअरच लावून देतं.

हॉलिवूडमध्ये पूर्वी प्रत्येक सीनची एक रंगीत पट्टी असे आणि बोर्डावर पट्ट्या सरकवून शेड्यूल बसवलं जाई. मूव्ही मॅजिकसारखं सॉफ्टवेअर ती जुळवाजुळव क्षणात करतं. पण सीनमध्ये लहान मूल असेल तर? आपल्याकडे २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांहून जास्त, आणि विश्रांतीशिवाय ३ तासांहून जास्त काम देता येत नाही. ही अट, समुद्राच्या ओहोटीची वेळ, दोन नटांच्या एकत्र मिळणाऱ्या डेट्स, हे सगळं फर्स्ट एडीने, म्हणजे पहिल्या सहायक दिग्दर्शकानेच ध्यानात ठेवायचं असतं.

गैरसमज : रीळ गेलं, खर्चही गेला.

३५ मिमीचं १००० फुटी रीळ जेमतेम ११ मिनिटं चाले, म्हणून टेकआधी कसून तालीम होई. आता कॅमेरा सुरूच ठेवला जातो आणि ते सगळं साठवावं लागतं. प्रोरेस ४२२ एचक्यू या फॉरमॅटमध्ये ४के चित्रीकरण केलं, तर तासाला सुमारे ३०० जीबी. त्यात दोन कॅमेरे, शिवाय प्रत्येक फाइलच्या दोन-तीन प्रती. युनिट पॅकअप करून निघतं, तेव्हा डीआयटी (डिजिटल इमेजिंग टेक्निशियन) कार्डं उतरवत बसलेला असतो. प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का, हे चेकसमने तपासल्याशिवाय त्याने कार्ड पुसायला द्यायचं नसतं. बजेट आवळताना याच माणसाला वगळणं मला सर्वांत घातक वाटतं.

१९९८मध्ये पिक्सारमध्ये एका चुकीच्या कमांडने ‘टॉय स्टोरी २’च्या बहुतेक फाइल्स पुसल्या गेल्या. बॅकअपची व्यवस्था होती. ती नीट चालत नव्हती, हे तेव्हा कळलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. बॅकअप घेतला, एवढ्यावर विसंबायचं नसतं. त्यातून फाइल परत उघडून पाहायची असते.

गैरसमज : मागचं दृश्य दाखवणारी एलईडी भिंत असली की लोकेशनचा खर्च वाचतो.

‘द मँडलोरियन’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा निम्म्याहून अधिक भाग अशा भिंतींच्या मधोमध चित्रित झाला. पण भिंतीवरचं वाळवंट शूटिंगच्या दिवशी तयार लागतं. व्हीएफएक्सचं जे काम एडिटनंतर व्हायचं, ते महिनोन्‌महिने आधी येतं. पैसेही आधीच लागतात. मोठ्या मालिकेत तेच सेट वारंवार वापरून हा खर्च भरून निघतो. मेणवलीच्या घाटावर दोनच दिवसांचं काम असलेल्या मराठी सिनेमाने मात्र युनिट घेऊन सरळ वाईला जावं.